म्हातारे निर्यात करणारा देश

1986 साली जपानच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने एक योजना जाहीर केली. नाव भारदस्त होते: ‘सिल्व्हर कोलंबिया 92’. जपानी रेल्वेत वृद्धांसाठी राखून ठेवलेल्या बाकांना 1973 पासून ‘सिल्व्हर सीट’ म्हणत, त्यामुळे सिल्व्हर म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती. कोलंबसाच्या पहिल्या सफरीला 1992 मध्ये पाचशे वर्षे पूर्ण होणार होती, म्हणून कोलंबिया आणि म्हणून 92. नोकरीतून मोकळ्या झालेल्या जपानी जोडप्यांनी आयुष्याची संध्याकाळ स्पेन, ऑस्ट्रेलिया अशा उबदार आणि ऐसपैस देशांत घालवावी, त्यांच्यासाठी तिथे वसाहती उभाराव्यात, अशी ही कल्पना होती.

मंत्रालयाचा हिशेब तसा चोख होता. सप्टेंबर 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर खाली आणायचे ठरवले. तेव्हा एका डॉलरला सुमारे 240 येन मिळत. वर्षभरात तो भाव 155 च्या आसपास आला. म्हणजे टोकियोत जेमतेम पुरणारे पेन्शन परदेशात गेल्यावर एकदम भरभक्कम झाले. दुसरीकडे जपानच्या प्रचंड निर्यातीवरून अमेरिका चिडलेली होती. एप्रिल 1986 च्या माएकावा अहवालाने, म्हणजे सरकारच्याच सल्लागारांनी, सांगितले होते की जपानने आता नुसते विकत बसू नये, खर्चही करावा आणि विश्रांती घ्यायलाही शिकावे. पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण 1970 मध्ये लोकसंख्येच्या 7 टक्के होते, ते 1985 मध्ये 10 टक्क्यांवर गेले होते. मंत्रालयाने या सगळ्याची बेरीज केली. म्हातारे बाहेर जातील, येन बाहेर खर्च होईल, अमेरिका शांत होईल, आणि कोंदट घरात आयुष्य काढलेल्या माणसाला शेवटी अंगण मिळेल.

या बेरजेत घरची माणसे धरलेली नव्हती.

टीका दोन्हीकडून झाली. गाड्या पाठवून झाल्या, टीव्ही पाठवून झाले, आता जपान म्हातारेही निर्यात करणार का, असा सवाल परदेशात उठला. जपानमध्येही हाच सूर लागला, फक्त तिथे तो जास्त बोचला. परदेशी माणसाला हा विनोद वाटत होता. जपानी माणसाला त्यात एक फार जुनी गोष्ट ऐकू येत होती.

नागानो प्रांतात ओबासुते नावाचा डोंगर आहे, त्याच नावाचे रेल्वे स्थानकही आहे. घरात खाणारी तोंडे जास्त झाली की म्हातारीला पाठीवर घेऊन या डोंगरावर सोडून येत, अशी दंतकथा आहे. दहाव्या शतकातल्या ‘यामातो मोनोगातारी’मध्ये ती येते. ही प्रथा खरोखर होती याला पुरावा नाही, पण कथा मरायला तयार नाही. शिचिरो फुकाझावा यांनी 1956 मध्ये तिच्यावर ‘नारायामा बुशिको’ ही कथा लिहिली. तिच्यावर 1958 मध्ये एक चित्रपट झाला. 1983 मध्ये शोहेई इमामुरा यांनी दुसरा काढला आणि त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यातली सत्तरीला टेकलेली ओरिन स्वतःच डोंगरावर जायची घाई करते, आणि तिला वाहून नेणाऱ्या मुलाचा पाय मात्र उचलत नाही. हा चित्रपट देशभर पाहिला गेला त्याला तीनच वर्षे झाली होती. अशा वेळी सरकारनेच सांगितले, की म्हाताऱ्यांना समुद्रापार नेऊन ठेवूया. मंत्रालयात चित्रपट पाहणारे कोणी नव्हते की काय, असा प्रश्न पडतो.

दुसरी आठवण दंतकथेतली नव्हती. 1908 मध्ये ‘कासातो मारू’ हे जहाज 781 शेतमजुरांना घेऊन कोबेहून ब्राझीलला गेले. तिथे पैसे कमावून परत यायचे म्हणून निघालेले बहुतेक लोक परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर 1956 पासून सरकारने शेकडो कुटुंबांना सुपीक जमिनीचे आश्वासन देऊन डॉमिनिकन प्रजासत्ताकात पाठवले. हाती आली ती खडकाळ, खारट जमीन. त्यांनी सरकारवर खटला भरला. न्यायालयाने सरकारचा दोष मान्य केला, पण मुदत उलटली म्हणून भरपाई नाकारली. अखेर 2006 मध्ये पंतप्रधान कोइझुमी यांनी माफी मागितली. स्थलांतर करणाऱ्यांना देशाने टाकून दिले, ही भावना जपानमध्ये खोल रुजलेली आहे. त्याहीआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आमाकुसा आणि शिमाबारा भागांतल्या गरीब घरांतल्या मुली मलाया, बोर्निओच्या कुंटणखान्यांत विकल्या गेल्या. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर गावाकडची घरे उभी राहिली, पण त्या परतल्या तेव्हा त्याच घरांनी त्यांना दाराबाहेर ठेवले. तोमोको यामाझाकी यांनी 1972 मध्ये या स्त्रियांवर पुस्तक लिहिले आणि 1974 मध्ये त्यावर चित्रपट आला. बोर्निओतल्या सांदाकानच्या टेकडीवरची त्यांची थडगी जपानकडे पाठ करून उभी आहेत, ही त्यातली गोष्ट ज्याने एकदा ऐकली तो सहजी विसरत नाही.

तेव्हा ‘दक्षिणेकडे जाऊन राहतो’ असे एखाद्या बापाने म्हटले, की घरच्यांच्या मनात समुद्रकिनारा येत नसे.

विरोध सर्वात जास्त थोरल्या मुलाचा असे, आणि त्याला तशीच कारणे होती. 1898 च्या नागरी कायद्याने घराचा कारभार, मालमत्ता आणि पूर्वजांची थडगी थोरल्याच्या हवाली केली होती. 1947 मध्ये तो कायदा गेला, सवय राहिली. 1980 मध्ये पासष्टीपुढचे माणूस असलेल्या घरांपैकी निम्म्या घरांत तीन पिढ्या एकत्र राहत होत्या. सेवा करायची ती थोरल्याच्या बायकोने. 1972 मध्ये सावाको आरियोशी यांची एक कादंबरी आली. स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याचे सगळे उरकणारी, नोकरी करणारी सून हा तिचा विषय होता. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. घराघरात काय चालले आहे हे त्या आकड्यावरून कळते. अशा घरातले आईवडील परदेशी निघाले, तर शेजारी काय म्हणणार? सुनेला जड झाले, मुलाने धाडून दिले. वडिलांनी कितीही सांगितले की ही माझीच हौस आहे, तरी बोल मुलालाच लागणार. वडिलांची काळजी आणि स्वतःच्या अब्रूची काळजी यांतली सीमारेषा मुलाला स्वतःलाही दिसत नसावी.

थडग्यांचा मुद्दा याहून अवघड. ऑगस्टमध्ये ओबोनला पूर्वज घरी येतात, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये विषुवदिनाच्या सुमारास थडगे धुऊन फुले वाहायची असतात. वडील थोरले असतील तर हे काम त्यांचे. ते परदेशी गेले तर कोण करणार, आणि तिथेच गेले तर अस्थी कुठे ठेवणार? बापाशी पैशांवरून वाद घालता येतो, आजोबांच्या थडग्यावरून घालता येत नाही.

मित्रांची तऱ्हा वेगळी. या पिढीतल्या पुरुषांचे मित्र म्हणजे बहुतेक कंपनीतलेच लोक. तीस-पस्तीस वर्षे एकाच कंपनीत काढली, संध्याकाळी पिण्याच्या अड्ड्यावरही तीच माणसे. त्यातला एखादा उठून मलेशियाला निघाला, की बाकीच्यांना तो पळपुटा तरी वाटे किंवा कर्जबाजारी तरी. ‘काही भानगड झाली का?’ हा प्रश्न तोंडावर विचारला नाही तरी पाठीमागे विचारला जाई.

परदेशांतही स्वागताला कोणी तोरण बांधून उभे नव्हते. 1987 मध्ये याच मंत्रालयाने ऑस्ट्रेलियात ‘मल्टिफंक्शन पॉलिस’ नावाचे भविष्यातले शहर वसवायचा प्रस्ताव मांडला. ती जपान्यांची वेगळी वस्ती होईल या भीतीने तिथे वर्षानुवर्षे वाद झाला आणि शहर कधी उभे राहिले नाही. सिल्व्हर कोलंबियाच्या वसाहतीही कागदावरच राहिल्या.

पण योजना बुडाली तरी मंत्रालयाने विषय सोडला नाही, आणि त्यातून जे निघाले ते मूळ योजनेपेक्षा शहाणपणाचे होते. 1992 मध्ये, म्हणजे कोलंबसाच्या त्या वर्षीच, ‘लाँगस्टे फाउंडेशन’ स्थापन झाले. स्थायिक होण्याची भाषा गेली. आता माणसाने परदेशात फक्त लांब मुक्काम करायचा. घर भाड्याने घ्यायचे किंवा स्वतःचे ठेवायचे, पर्यटकासारखे धावायचे नाही, तिथल्यासारखे राहायचे. पैसा मात्र जपानमधून येणारा असावा, आणि शेवटी परतायचे असावे. फाउंडेशनने व्याख्याने ठेवली, सल्लागार तयार केले, माहितीपत्रके काढली. प्रवासी कंपन्यांनी आठवडा-दोन आठवड्यांच्या ‘आधी पाहून या’ सहली सुरू केल्या. त्यांत घरे, दवाखाने, बाजार आणि गोल्फचे मैदान दाखवत.

कुटुंबाशी वाद घालून जिंकण्याऐवजी वादाचे कारणच काढून घेण्याची ही रीत होती. तीन महिने जाऊन येतो म्हणणाऱ्या बापाला कोणता मुलगा अडवणार? मलेशियात जपानी पासपोर्टवर 90 दिवस व्हिसाशिवाय राहता येत असे, आणि या सवलतीने मुत्सद्देगिरीचे मोठे काम केले. जुलैत जायचे, ओबोनला चार दिवस येऊन जायचे किंवा सप्टेंबरात परत यायचे. घर तसेच, दारावरची पाटी तशीच, थडग्याची व्यवस्था तशीच. शेजाऱ्यांना सांगायला ‘प्रवासाला गेलेत’ हे उत्तर तयार. पुढच्या वर्षी पुन्हा तीन महिने. असे चार-पाच वेळा झाले की घरच्यांनाही सवय होई, आणि सुनेला तर, खरे बोलायचे तर, थोडा मोकळा श्वास मिळे.

या तडजोडीला कायद्याचा धाकही होता. वर्षाहून जास्त काळ देश सोडणाऱ्याने नगरपालिकेत तशी नोंद करायची असते. पेन्शन कुठेही मिळते, पण रहिवासाची नोंद गेली की राष्ट्रीय आरोग्य विमा जातो. एप्रिल 2000 मध्ये शुश्रूषा विमा सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्याची सेवा आता सुनेखेरीज दुसरेही कोणी करू लागले. हा विमाही नोंदीबरोबरच जातो. नोंद कायम ठेवून बाहेर राहिलेल्याला मात्र 2001 पासून परदेशातल्या उपचारांचा काही खर्च, जपानमधल्या दराने का होईना, परत मागता येऊ लागला. त्यामुळे एक पाय घरात ठेवून जाणारे जास्त, दोन्ही पाय उचलणारे थोडे.

मलेशियाने हे हेरले. 1996 मध्ये त्यांनी वृद्धांसाठी ‘सिल्व्हर हेअर’ नावाने खास व्हिसा काढला आणि 2002 मध्ये त्याचे रूपांतर ‘मलेशिया माय सेकंड होम’ या योजनेत केले. दहा वर्षांचा व्हिसा, पुढे वाढवता येणारा. पन्नाशी ओलांडलेल्याने बँकेत दीड लाख रिंगिट ठेव ठेवायची आणि महिन्याला 10,000 रिंगिट उत्पन्न दाखवायचे. योजनेचे नाव ज्याने ठेवले त्याला जपानी कुटुंब कळत होते असे म्हणावे लागेल. दुसरे घर असायला कोणाची हरकत नसते. फाउंडेशनच्या पाहणीत 2006 पासून 2019 पर्यंत दर वर्षी लांब मुक्कामासाठी पसंतीचा पहिला देश मलेशियाच होता. याच मलेशियाच्या कोटा भारू किनाऱ्यावर डिसेंबर 1941 मध्ये जपानी सैन्य उतरले होते आणि पुढची साडेतीन वर्षे तिथल्या लोकांनी जे भोगले ते विसरण्यासारखे नाही. तरी जपानी निवृत्तांना तिथे घरे मिळाली, शेजार मिळाला.

सर्वात जास्त बोलबाला कॅमरून हायलँड्सचा झाला. 1885 मध्ये पाहणी करणाऱ्या विल्यम कॅमरून या ब्रिटिश सर्वेक्षकाचे नाव लागलेला, सुमारे 1,500 मीटर उंचीवरचा हा डोंगराळ भाग. 1929 पासून बोह कंपनीचे चहाचे मळे. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खाल्लेल्या वाचकाला नवल वाटणार नाही, स्ट्रॉबेरी इथेही पिकते. टोकियोतला ऑगस्ट घामाने चिकचिकतो, इथे रात्री पांघरूण लागते. त्यात भर म्हणजे, थाई रेशमाला जगभर नाव मिळवून देणारे अमेरिकन व्यापारी जिम थॉम्पसन 1967 मध्ये इथूनच फिरायला बाहेर पडले आणि कायमचे नाहीसे झाले. रहस्यकथांचे लोकप्रिय लेखक सेइचो मात्सुमोतो यांनी त्या प्रकरणावरून कादंबरी लिहिली, त्यामुळे जपानी वाचकाला जागेचे नाव ओळखीचे होते. दर उन्हाळ्यात इथे जपानी वृद्धांचा मेळा भरू लागला. सकाळी गोल्फ, दुपारी टेनिस किंवा जंगलातली पायवाट, संध्याकाळी एकमेकांच्या खोलीत जेवण. आदल्या वर्षी आलेला यंदा आलेल्याला भाजी कुठे स्वस्त आणि डॉक्टर कोणता बरा हे सांगे. कंपनीतले जुने मित्र टिंगल करत राहिले, पण इथे नवे मित्र झाले, आणि पुढच्या वर्षी टिंगल करणाऱ्यांपैकीच एखादा पाहुणा म्हणून येऊन थडके.

2007 साल जवळ आले तशी या धंद्यात लगबग वाढली. युद्धानंतर 1947 ते 1949 या तीन वर्षांत जपानमध्ये सुमारे 80 लाख मुले जन्मली होती. ती 2007 पासून साठीत पोचणार होती. बँकेतल्या ठेवीवर व्याज जवळजवळ शून्य होते. ही मंडळी जग पाहिलेली, बीटल्स ऐकलेली, वडिलांपेक्षा सैल स्वभावाची. आता सगळे परदेशी जाणार, अशी प्रवासी कंपन्यांची अटकळ होती. ती पुरती खरी ठरली नाही. एक तर कंपन्यांनी साठीनंतरही कामावर ठेवावे असा कायदा आला. दुसरे कारण घरात होते.

इतकी वर्षे विरोध मुलाचा आणि मित्रांचा मानला जात होता. बायकोला कोणी विचारलेच नव्हते. नवरा पहाटे जायचा आणि मध्यरात्री यायचा त्या तीस वर्षांत तिने स्वतःचे जग उभे केले होते: शेजारणी, गाण्याचा किंवा पुष्परचनेचा वर्ग, नेहमीचा दवाखाना, आजारी आई, नातवंडे. नवऱ्याचे जग निवृत्तीच्या दिवशी संपले, तिचे संपले नव्हते. आता तो म्हणतो चल मलेशियात, पेनांगला, म्हणजे आपले सगळे सोडून तिथेही त्याच्यासाठी तीन वेळा स्वयंपाक करायचा. 2005 मध्ये ‘जुकुनेन रिकोन’ ही टीव्ही मालिका गाजली. निवृत्तीच्याच दिवशी बायको नवऱ्याकडे घटस्फोट मागते, अशी तिची सुरुवात आहे. एप्रिल 2007 पासून घटस्फोटानंतर नवऱ्याच्या पेन्शनमधला वाटा बायकोला मिळण्याची सोय झाली. ज्या वर्षी प्रवासी कंपन्या जोडप्यांची वाट पाहत होत्या, त्याच वर्षी बायकांच्या हाती हे साधन आले. तडजोडी निघाल्या. काही ठिकाणी नवरा सहा महिने परदेशी आणि बायको घरी. काही ठिकाणी बायकोची अट अशी की राहायचे ते स्वयंपाक न लागणाऱ्या हॉटेलात. काही बायका कुरकुरत गेल्या आणि तिथल्या बाजारात नवऱ्याआधी रुळल्या.

शंका घेणाऱ्यांचे म्हणणे सगळेच पोकळ नव्हते, हेही नोंदवायला हवे. फिलिपीन्समध्ये कफल्लक होऊन अडकलेल्या जपानी पुरुषांवर ताकेहिदे मिझुतानी यांनी लिहिलेले पुस्तक 2011 मध्ये आले आणि त्याला मानाचे पारितोषिकही मिळाले. कोणी एखाद्या तरुणीच्या मागे गेलेले, कोणी पैसे उडवून बसलेले, आणि घरी कळवले तर नातेवाइकांनी हात झटकलेले. हे सगळे निवृत्त नव्हते, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलाला एवढा भेद कोण समजावणार? ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ म्हणायला त्याला आयते साधन मिळाले.

मार्च 2011 च्या भूकंपाने आणि फुकुशिमाच्या अपघाताने काही काळ पारडे उलटले. येन त्या वर्षी डॉलरला 75 पर्यंत वधारला होता. मलेशियाच्या योजनेत जपानी अर्ज झपाट्याने वाढले, आणि जी मुले आईवडिलांना अडवत होती त्यांतली काही आता ‘तुम्ही तिकडेच राहा’ म्हणू लागली.

हे फार टिकले नाही. 2020 मध्ये महासाथीने सीमा बंद झाल्या आणि तीन महिन्यांसाठी गेलेले अडकले. 2021 मध्ये मलेशियाने अटी एकदम चढवल्या: ठेव दहा लाख रिंगिट, महिन्याचे उत्पन्न 40,000 रिंगिट. इतके पेन्शन मोठ्या कंपनीच्या निवृत्त अधिकाऱ्यालाही नसते. पुढे त्या पुन्हा बदलल्या, पण तोवर येन डॉलरला 150 च्याही खाली घसरला होता. ज्या हिशेबावर 1986 ची योजना उभी होती तो उलटा फिरला. वयही झाले होते. पहिल्या लाटेत गेलेले आता ऐंशीच्या घरात, आणि गुडघे बोलू लागले की शुश्रूषा विम्याची आठवण होतेच. बरेच जण परतले. तीन पिढ्यांचे घर मात्र त्यांची वाट पाहत नव्हते: 2019 मध्ये वृद्ध असलेल्या शंभर घरांपैकी दहाहून कमी घरांत तीन पिढ्या होत्या. परतायचे ते बहुधा वृद्धाश्रमात किंवा एकट्याच्या फ्लॅटमध्ये.

त्या वृद्धाश्रमांत माणसे कमी पडू लागली होती. 2008 मध्ये जपानने इंडोनेशियाशी झालेल्या करारानुसार तिथल्या परिचारिका आणि सेविका आणायला सुरुवात केली, 2009 मध्ये फिलिपीन्समधून, 2014 मध्ये व्हिएतनाममधून. त्यांना जपानी भाषेत परीक्षा द्यावी लागते, सुरुवातीला बहुतेक जणी नापास होत. परदेशात आजारी पडलात तर अनोळखी बाई तुम्हाला उचलून आंघोळ घालेल, तुमची भाषाही तिला येणार नाही, असे म्हणून ज्यांनी आईवडिलांना अडवले होते, त्यांच्याच गावच्या वृद्धाश्रमात आता इंडोनेशियातल्या सेमारांगची किंवा फिलिपीन्समधल्या सेबूची मुलगी सकाळी सातला कामावर येते.